तिबिलिसी, भुयारी वाटेत

सात महिन्यांचं घड्याळ
चार वाजून दहा मिनिटांवर अडून बसलं,
म्हणून नानुली तणतणत ओतारच्या टपरीवर आली,
भांडायच्या तयारीनं.

ओतारनं डोळ्याला भिंग लावलं,
मागचं झाकण उचकटलं,
मसुरीएवढा सेल चिमट्यात धरून म्हणाला,
"घड्याळ नवं आहे, बाई. हा नाही.
दुकानाच्या काचेआड दोन-तीन वर्षं
हा चालतच होता,
कोणी वेळ विचारत नसताना."

नानुली गप्प.
डोक्यावरून बस गेली, टपरी थरथरली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलेली ती.
नवरा जेवता जेवताच पेंगतो
म्हणून आज सकाळीच त्याला बोलली होती.

"किती?"
"पाच लारी."
काटा हलला.
जुना सेलही तिनं मागून घेतला,
रुमालाच्या गाठीत.