पेव उघडल्यावर

रविवारी विश्रांती घ्यायची ठरवलं होतं.
यादीत तसं लिहिलंही होतं,
गिरणी आणि सासूबाईंचं इन्सुलिन यांच्या मधल्या ओळीत.
संध्याकाळी त्यावर काट मारली,
न घेताच.

मिरजेच्या दवाखान्यात, बिलाच्या काचेमागून,
मी दिवसभर लोकांना सांगते, "पुढच्या खिडकीवर जा."
डॉक्टर त्यांना सांगतात, "आराम करा."
तो कुठल्या खिडकीवर मिळतो
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

मीही करून पाहिलं.
दुपारी दार लावून पडले,
तर पंख्याची पाती मोजत राहिले.
आमराईत पहाटे श्वासाच्या वर्गाला गेले;
श्वास आत, श्वास बाहेर,
आणि मधल्या फटीत डबा, रिक्षाचे पैसे, ओजसची प्रयोगवही.
महाबळेश्वरला तर दोन दिवसांत इतका आराम केला
की आल्यावर रजा वाढवावी लागली.

मग भाद्रपदातल्या एका गुरुवारी
हरिपूरच्या रस्त्यावर स्कूटी डुलायला लागली.
चिंचेखाली पत्र्याची टपरी, बाबालाल मुजावर,
घमेल्यातल्या पाण्यात बुडवलेली ट्यूब.
"दोन ठिकाणी हाय, ताई. वेळ लागंल. बसा की."
मोबाइल केव्हाच बंद पडलेला.
उलट्या क्रेटवर बसले
आणि बुडबुडे बघू लागले.

समोर पडीक जागा. मधोमध
गवताचा एक गोल, बाकीच्याहून हिरवा.
"ते काय?"
"पेव हुतं. हळदीचं. पुरात बसलं.
बाप उतरायचा माझा. मी बी, दोन वर्सं."
पॉलिश पेपर ट्यूबवर घासत तो बोलत राहिला,
माझ्याकडे न बघता.
"तोंड उघडलं की लगीच उतरायचं नसतंय.
आत हवा कोंडल्याली असती. दिसत न्हाई, पर माणूस जातोय.
झाकण काढायचं आन् काठावर बसायचं.
दिसभर बी बसाय लागतंय.
मालक वराडतोय, ट्रक हुबा हाय, भाव पडतोय.
वराडू दे.
मग दोरीला कंदील बांधायचा, सोडायचा खाली.
जळत ऱ्हायला तर उतरा.
इजला तर वर घ्या, परत बसा."

"पण बसून करायचं काय?"

"आपुन काय करायचं?
पेव करतंय की त्येचं त्ये."

ट्यूब पुन्हा पाण्यात गेली.
एकही बुडबुडा नाही.

घरी उशिरा पोचले. काही बिघडलं नव्हतं.
सासूबाईंनी भात टाकला होता, जरा गिच्च.

तेव्हापासून कामावरून आले की लगेच आत जात नाही.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते,
पर्स मांडीवर, चपला काढून.
श्वास मोजत नाही.
झाकण तेवढं काढलेलं.
मग वर येतं काय काय:
कुणीतरी गंठण मोडून आणलेल्या नोटांचा स्पर्श,
दादाशी धरलेला अबोला,
सातवीत पाठ केलेल्या नद्यांची नावं.
येतं, जरा रेंगाळतं,
कृष्णेच्या अंगाला निघून जातं.

शेजारच्या आवटीकाकू आधी घाबरायच्या.
"बरं नाही का गं?"
आता पदर सावरून बाजूनं चढतात.

काही संध्याकाळी कंदील विझतो.
लगेच कळतं मला.
वरून हाक येते, आई, माझं निळं पेन कुठाय,
आणि मी म्हणते, "थांब. अजून नाही."

पहिले काही दिवस ओजस चिडला.
काल खाली आला,
माझ्या खालच्या पायरीवर टेकला, हात रिकामे.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"आपण कशासाठी थांबलोय?"
"उतरता यावं म्हणून," म्हटलं,
त्याला काही ते कळलं नसावं.
पण उठला नाही.

वर कुकरची शिट्टी झाली.
कितवी, ते दोघांनीही मोजलं नव्हतं.