बद्द

व्हर्लिन हाउगेन गेला तेव्हा
गॅरेजात सत्तावीस वड्या निघाल्या,
केकच्या साच्यात ओतलेल्या, बिननावाच्या.
कुठली कशाची, त्याला ठाऊक होतं.
सांगायचं राहिलं.

आता मारित एकेक उचलते,
सिमेंटवर टाकते.
खणखणली की बाजूला: जस्त.
एक जरी चुकून कढईत गेली
तर सगळं शिसं लापशीसारखं गाठाळतं,
गोळी साच्यात भरतच नाही.
इथे नाण्याचा न्याय उलटा,
बद्द वाजेल तेच कामाचं.

मग चित्रकलेच्या पेन्सिली, सहा-बीपासून वर.
जी न घसरता रुतते
तिचा क्रमांक हाच कस.
शाळेत असताना बापानंच आणल्या होत्या.
घोडे तिला कधी जमले नाहीत.

बाहेर मोंटानाचा वारा,
हरणांचा हंगाम संपायला नऊ दिवस.

एकोणिसावी वडी कडक. छापखान्यातली.
कडेला न वितळलेली अर्धी ओळ, उलट्या अक्षरांची.
गाडीच्या आरशात धरून वाचली:
‘मागे एक मुलगी’
पुढचं ओतून गेलेलं.
पेपरात तो तीस वर्षं असल्याच ओळी जुळवायचा,
गावातल्या कुणाच्याही.

मार्करनं तिनं लिहिलं: कडक.
आणि जरा थांबून, खाली:
माहीत नाही.