चोवीस

देवीदास पराते काल आला होता घरी.
सायकल जिन्याखाली लावून, कुलूप दोनदा ओढून पाहून.
चहा नको म्हणाला, मग घेतला.
बशीत ओतताना डावा हात थरथरला
तेव्हा आम्ही दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

मी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर स्कोअरर होतो तेव्हा,
कनातीच्या सावलीत, दोन पेन्सिली, एक खोडरबर.
त्याचं षटक म्हणजे माझ्या वहीत
सहा टिंबं,
जवसाचे दाणे मोजून ठेवावेत तशी.

टिंब काढायला मला काहीच लागत नसे.
टाकायला काय लागतं ते
टिमकीच्या त्या बोळात,
जिथे त्याचा बाप मागावर लुगडी विणायचा
आणि हा सात वर्षांचा, डावीकडे उकिडवा,
बापाने सोडलेला धोटा झेलायचा, परतवायचा,
सूत न तोडता.
मनगट तिथलं आहे.
"बॉलले घाई नाही कराची," म्हणायचा,
"त्याले बी तिथंच जाचं हाये."

चोवीस सामने. एकसष्ट बळी.
पेपरात दोनदा आला,
एकदा पराडे म्हणून, एकदा 'व इतर'मध्ये.
इंदूरला एका डावात सात घेतले त्या रात्री
परतीचं आरक्षण नव्हतं,
दाराशी किटबॅगवर बसून आला
(किट संघाची, बॅग मेहुण्याची)
आणि सकाळी अजनीच्या शेडमध्ये हजेरी.
फोरमन म्हणाला, "पराते, चार दिवस कुठी होता बे?"

मग निवृत्ती वगैरे काही नाही.
एका वर्षी यादी लागली, तीत तो नव्हता.
बारावा, तेरावा, चौदावा,
खालची सहीसुद्धा वाचून
तो घरी गेला.

आता पंचवीस सामने असतील तर पेन्शन आहे म्हणतात.
"त्र्याहत्तरची ते मॅच," तो म्हणाला, "गारांची."

वही आहे अजून. पुठ्ठा वाळवीने खाल्ला.
त्या डिसेंबरात काटोलकडची संत्री
झाडाखाली फुटून पडली होती
आणि आमच्या खेळपट्टीवर लिंबाएवढ्या गारा.
दोन्ही संघ मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलेले, वळणदार.
त्याचं नाव नववं.
'नाणेफेक' या शब्दापुढे जागा कोरी.

नाणं उडालं तर सामना मोजतात,
चेंडू पडो न पडो.
कप्तान गेले होते मध्यापर्यंत, एवढं मला आठवतं,
पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून.
त्यातला एक वारला. एक मुलाकडे, कॅनडात,
कुणाला ओळखत नाही म्हणे.
पंच तर केव्हाच गेले.
पन्नास वर्षांचं शिसं कसं दिसतं
हे तपासायला कोण येणार आहे?

मी पेन्सिल घेतली. खोटं कशाला सांगू,
टोकसुद्धा काढलं.

त्याने वही ओढली,
चष्मा कपाळावर सरकवून पान नाकाशी नेलं
आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं,
शिवणीवर ठेवायचा तसंच, जरा तिरपं.
"नाणं खिशातच होतं न बे," म्हणाला.
"मी पाहून राह्यलो होतो. खिशातूनच निघालं नाही."

टोक काढलेली पेन्सिल हातात तशीच.

मग त्याने इंदूरचं पान मागितलं.
एकेका टिंबावरून बोट नेत गेला,
ओठ हलत होते, चहावर साय धरली.
अठराव्या षटकात थांबला.
"हे टिंब नव्हतं.
एक रन गेला होता इथं, लेगले.
तू तेव्हा भजे खात होता."

मी खोडलं.
एक लिहिला.
बेरीज खालपर्यंत दुरुस्त केली.