पाच सेकंद

पाचपावलीच्या शाळेत, मे महिन्यात,
बाकं भिंतीला सारून फरशीवर आम्ही
काळी चिकटपट्टी लावतो: हा रस्ता.
कूलर घरघरतो,
ओल्या वाळ्याच्या वासात सोल्डरचा धूर.

रोबो म्हणजे काय, तर दोन चाकं,
जुन्या खेळण्याची मोटर, डब्याचं झाकण.
'पुढे', 'डावीकडे', 'थांब', एवढीच भाषा
चार दिवसांत शिकवू शकलो मी.

श्रावस्ती नगराळेचा रोबो
पट्टीवरून नीट येतो
आणि खिडकीपाशी नेमका अडतो.
मग निघतो. पुढच्या फेरीत पुन्हा तिथंच.
मी सेन्सर पुसला. बॅटरी बदलली.
एकेक तार ओढून पाहिली.
शेवटी विचारलं, चूक कुठल्या ओळीत आहे?

'चूक नाही, सर. मीच लिवलं तसं.
भाहेर सेहेचाळीस आहे.
तिथं कूलरची हवा लागते,
घेऊ द्या ना त्याले बी जराशी.'

स्पर्धेत तो शेवटून दुसरा आला.
वेळ लिहिताना पाच सेकंद वजा करावे का,
मी पेन उघडं धरून बसलो.
बटण बंद करायचं राहिलं होतं,
तो अजून फिरत होता,
थांबत होता.