तीन मिनिटं झाली

अमळनेरच्या एक्सचेंजमध्ये मी एकतीस वर्षं
कानाला हेडफोन लावून बसले.
कापसाचे भाव, मयताची खबर,
"मुलगा झाला, वजन चांगलं आहे",
सगळं माझ्या कानांतून गेलं
आणि मी कुठं बोलले नाही.

आता मलाच फोन येतात.
सकाळी कर्जवाली पोरगी. तिला म्हणते,
बाई, कर्ज नको, पण घशातून बोलू नकोस,
पोटातून बोल, नाहीतर दिवाळीपर्यंत आवाज बसेल.
ती थांबते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागते.
दुपारी कुणीतरी गंभीर:
"दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल."
अरे, नंबर बंद करायचं काम मी या हातांनी केलंय.
थकलेल्या अडत्यांचे, एकदा तर खुद्द फौजदाराचा.
दोन तास आधी कुणालाच कळवलं नव्हतं.

वाटायचं, मला कोण फसवतो.
मला नाहीच फसवलं.
भिंतीपलीकडे फसवलं.

मे महिना. गच्चीवर बिबडे वाळत घातले होते,
अनवाणी पाऊल टेकवायची सोय नव्हती,
आणि शेजारचा कूलर गप्प.
लाईट होती. खाली माझा पंखा फिरत होता.
दगाजी भादाणे, ड्रॉइंगचे मास्तर,
होळीला लावलेला कूलर मृगापर्यंत न थांबवणारे,
त्यांच्या खिडक्या लावलेल्या,
आणि आत एक आवाज.
मास्तरांचा नव्हे.
सावकाश, खालच्या पट्टीतला,
मध्येच थांबून समोरच्याच्या श्वासाचा अंदाज घेणारा.
असे आवाज ट्रंकवर यायचे,
रकमेचा आकडा यायच्या जरा आधी.

"मास्तर, दार उघाडा. काय जयं?"
उत्तर नाही.
"मी कोकिळा शे. बिबडा उचलाले हात लावा."
कडी निघाली.

बनियन अंगाला चिकटलेलं.
टेबलावर फोन, तांब्याला टेकवून उभा,
त्यात वर्दीतला माणूस.
कालपासून. कालपासून मास्तर त्या खुर्चीत.
कूलरच्या आवाजात साहेबांना नीट ऐकू येत नव्हतं
म्हणून बंद केला, म्हणाले.
साहेब, म्हणाले.

वर्दीवाला ओरडला, कोण ही बाई, हीसुद्धा आत जाईल.
मी फोन उचलला.
तोंडातून आलं ते माझं नव्हतं, नोकरीचं होतं:
"तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत का?"
तो गोंधळला.
मी कॉर्ड ओढली.
म्हणजे लाल बटण दाबलं,
पण हात ओढल्यासारखाच मागे गेला.

पैसे सकाळीच गेले होते. दोन लाख ऐंशी हजार.
एकोणीसशे तीसला लावला, त्यांनी लिहून घेतलं.
काही रक्कम कुठल्याशा खात्यात अडकलीय म्हणतात. बघू.

"कुठं बोलू नका," मास्तर म्हणाले.
एकतीस वर्षं हेच तर केलं.
पण तो वर्दीवालाही दोन दिवस हेच सांगत होता,
कुणाशी बोलू नका.
म्हणून मी बोलले. दळणाच्या रांगेत,
बिबड्यांच्या घाट्याभोवती, बँकेच्या बाकावर.
नाव नाही घेतलं. गावानं काढलं.
गावाला आयतंच सापडलं:
नाव दगाजी, आणि दगा त्यांनाच.
आधीची दोन लेकरं गेली म्हणून
आईनं दगा ठेवलं होतं नाव,
दगड समजून यमानं ओलांडून जावं म्हणून.
हे बसस्टँडवर हसणाऱ्यांना कोण सांगणार.
महिनाभर मास्तर माझ्याशी बोलले नाहीत.
कूलर मात्र ऐकू यायचा. मी ऐकायची.

मग एका संध्याकाळी आले,
हातात ड्रॉइंगचा कागद.
तोच माणूस. पेन्सिलीनं, आठवून काढलेला,
कॉलरचा सुटलेला दोरा, हनुवटीवरचा कापल्याचा व्रण,
उद्या पोलिसात देतो म्हणाले.
मी पाहिलं आणि म्हटलं,
मास्तर, कान जरा मोठे झालेत.
नाही, म्हणाले, एवढेच होते.
दोन दिवस ऐकतच तर होता.