तवंग

हेडाऊजींच्या भोजनालयामागे, गोळीबार चौकात,
रात्री बारानंतर मी झाकण उचलते.
खाली सिमेंटची टाकी, हातभर खोल,
वर दिवसभराची तर्री.

मे महिन्यात ती पातळ असते,
झाऱ्यात येता येता परत पळते.
डिसेंबरात गोठून बसते,
तेव्हा सरळ वड्या पाडायच्या, खरवसासारख्या.
थंडी पडली की नाही
हे मी पेपरात वाचत नाही.

कढईतलं काळं तेल वेगळं.
ते गाळून डब्यात, डब्यावर तारीख.
हेडाऊजी त्यात कागदाची पट्टी बुडवतात
आणि रंगाकडे बघतात
पोराच्या मार्कशीटकडे बघावं तसं.

आधी पट्टी नव्हती.
आधी हाच डबा पहाटे
केवळरामच्या पोह्यांच्या गाडीवर जायचा, अर्ध्या भावात.
न्यायची मीच.
आणि तिथंच उभी राहून, पोरीला कडेवर घेऊन,
चणापोहा खायची. पाच वर्षं.
पोरगी म्हणायची, आणखी तर्री टाक.

परवा केवळराम भेटला.
काऊन वो गुणवंताबाई, तेल बंद केलं?
म्हटलं, बुटीबोरीला जाते आता.
तिथं डिझल होते म्हणतात.
तो हसला. म्हणजे आता ट्रक खाईन आपली तर्री!

मी हसले नाही. बादली भरत होती.

उकळतं पाणी ओतलं
तर पाच मिनिटांत टाकी साफ होते.
पण ते सगळं पुढच्या चेंबरात,
पराते मास्तरांच्या दारासमोर,
दगड होऊन बसते.

म्हणून झारा.