मापातली हवा

यास्ना खिशात आकडा घेऊन हिंडते.
साबणाच्या डबीएवढी पांढरी पेटी,
आत डासासारखा गुणगुणणारा पंखा.
शाळेनं बारा पोरांना दिल्या, मे महिन्यात,
कोयाइकेत पहिला बर्फ पडायच्या आधी.
स्वस्तातली आहे बाबा, ती म्हणाली,
कधीकधी खोटंही बोलते,
धुकं आलं की त्यालाच धूर समजते.
म्हणून आठवडाभर त्या सगळ्या
इस्पितळाच्या गच्चीवर, सरकारी मोठ्या यंत्राशेजारी
ठेवल्या होत्या,
धाकट्यांना थोरल्याजवळ पाढे शिकायला बसवावं तशा.

मी म्हटलं, बरं.

मला आकड्यांचं कौतुक नाही.
मी लाकडं विकतो, घनमीटरनं.
न्यिरेचे ओंडके फोडतो, ट्रकवर रचतो,
रचताना एक वाकडा, एक आडवा,
मधे मांजर निजेल एवढी फट.
बापानं शिकवलं तसंच.
गिऱ्हाईक पैसे मोजतं लाकडाचे
आणि घरी नेतं पाऊण लाकूड, पाव हवा.
तेव्हा हवेचा धंदा
आमच्या घरात जुनाच.

जूनमध्ये गावावर झाकण बसतं.
चहूकडे डोंगर, वारा मेलेला,
धुराड्यातून निघालेला धूर वर जायचं विसरतो,
गल्लीत गुडघे मोडून बसतो.
यास्ना चालते, थांबते, वहीत लिहिते:
बेकरीचा कोपरा, ८८.
चर्चची पायरी, १३०.
फुटबॉलचं मैदान, पोरं पळताहेत, १९४.
ओर्तेन्सियाबाईंचं दार, २६०.
त्यांच्या बाळाला रात्री नळीतून वाफ द्यावी लागते.
त्या मला रस्त्यात गाठून म्हणतात,
एलेओदोरो, तुझी लाकडं रडतात रे,
टोकांना फेस येतो.
मी म्हणतो, यंदा पाऊस फार झाला.

पाऊस दरवर्षी फार होतो.

एकदा जेवताना पेटी टेबलावर होती,
पावाच्या टोपलीशेजारी.
मी शेगडीचं दार उघडून ओंडका सारला.
आकडा चढला. चढतच गेला.
४१२.
यास्ना काही बोलली नाही.
वही उघडली, जागेच्या रकान्यात
पेन्सिल टेकवली, जरा थांबली.
मग लिहिलं: घर.

धुकं असेल, मी म्हटलं.
घरात? ती म्हणाली.

त्या रात्री तीनला उठलो,
तिच्या कोटातून पेटी काढली.
कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, खोकली असतील.
नदीकडे उतरत गेलो तसा
आकडा माझ्या हातात उतरत गेला,
नव्वद, चाळीस, एकवीस,
पुलाच्या पलीकडच्या टोकाला नऊ.
नऊ.
मी ती हवा छातीभर घेतली.
चवच नव्हती तिला.
त्रेपन्न वर्षांत मला वाटत आलं होतं
हवेला चव असते,
थोडी कडसर, गरम घरासारखी.
मग पेटीतली वीज संपली
आणि मी नुसताच उभा राहिलो, हात गोठेपर्यंत.

पेटीला वेळ आठवते, रस्ताही आठवतो,
हे मला कोण सांगणार?
शाळेतून आल्यावर यास्ना म्हणाली,
काल रात्री तीनला पेटी पुलावर गेली होती.
मी कुऱ्हाडीची धार बघत राहिलो.
बाईंना काय सांगितलंस?
सांगितलं, माणूस चांगला आहे, झोपेत चालतो.

आज शनिवार.
अंगणात दोन ओंडके एकमेकांवर आपटतो.
सुकं खणकतं, ओलं धप वाजतं,
हे यंत्राशिवाय कळतं मला,
कायमच कळत होतं.
धप. बाजूला.
धप. बाजूला.
खण्.
धप.
ओर्तेन्सियाबाईंचा घनमीटर दुपारपर्यंत
अर्धासुद्धा भरलेला नाही,
ट्रकचा हप्ता पाच तारखेला,
आणि ती पोर पायरीवर बसून
रचलेल्या लाकडांत हात घालून बघते आहे
कुठं मांजर मावतंय का.